सोन्याचे क्लस्टर, जैवरेणू आणि संगणक: या विषयातली पीएच.डी. प्रत्यक्षात कशी असते?

प्रश्न असा आला आहे: "मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे. सोन्या-चांदीचे नॅनोक्लस्टर आणि अमिनो आम्लं किंवा डीएनएचे बेस यांच्यातली आंतरक्रिया संगणकावर अभ्यासायची, अशा विषयावर पीएच.डी. करण्याची संधी आहे. काही जण म्हणतात, यात सॉफ्टवेअरला इनपुट द्यायचं आणि आउटपुट उतरवून काढायचं, एवढंच असतं. जीवशास्त्र मी दहावीनंतर सोडलं, प्रोग्रॅमिंगही बेताचंच येतं. हे काम नेमकं काय असतं? घ्यावं का?"

माझं मत आधी सांगते: विषय जिवंत आहे, घ्या. मी याच विषयात पीएच.डी. केली आणि त्यानंतर बरीच वर्षं विद्यार्थ्यांच्या शेजारी बसून त्यांच्या आउटपुट फाइली वाचत आले आहे. "इनपुट द्यायचं, आउटपुट उतरवायचं" असं सांगणारे खोटं बोलत नाहीत. तसे प्रबंध लिहिले जातात. सोन्याचा एक क्लस्टर (मोजक्या अणूंचा पुंजका) घ्यायचा, वीस अमिनो आम्लं एकेक करून त्याला जोडायची, प्रत्येकाची बंधनऊर्जा (जोड सुटा करायला लागणारी ऊर्जा) काढायची, तक्ता करायचा, की एक प्रकरण तयार. संगणकाला आकडा मागितला की तो देतोच. चुकीच्या रेणूचाही देतो, आणि दशांश चिन्हापुढे सहा स्थळांपर्यंत देतो. तो आकडा नेमक्या कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे हे ओळखायला मात्र काही वर्षं घालवावी लागतात. या विषयातली पीएच.डी. म्हणजे ती वर्षं.

माझ्या पहिल्या वर्षातली गोष्ट सांगते. ग्लायसिन हे सगळ्यांत साधं अमिनो आम्ल, फक्त दहा अणूंचं. पाण्यात त्याच्या आम्ल गटातला प्रोटॉन अमिनो गटावर जाऊन बसतो. एका टोकाला धन प्रभार, दुसऱ्या टोकाला ऋण. याला झ्विटरआयन म्हणतात आणि पाठ्यपुस्तकात ग्लायसिन बहुतेक असंच काढलेलं असतं. मीही तसंच काढलं, रचना ऑप्टिमाइझ करायला, म्हणजे ऊर्जा सर्वांत कमी होईल अशी अणूंची मांडणी शोधायला, संगणकावर जॉब लावला आणि घरी गेले. सकाळी फाइल उघडून बघते तर नायट्रोजनवरच्या तीन हायड्रोजनांपैकी एक उठून ऑक्सिजनवर जाऊन बसलेला. मला वाटलं, बेसिस सेट (इलेक्ट्रॉनांच्या कक्षा लिहायला घेतलेला गणिती फलनांचा संच) छोटा घेतल्यामुळे झालं असेल. मोठा घेतला, पुन्हा जॉब लावला. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी एकेक पायरी उघडून पाहिली: नायट्रोजन-हायड्रोजन अंतर आधी किंचित वाढतं, मग भराभर वाढत जातं आणि ऊर्जा उतारावरून घसरावी तशी खाली येते. गाईडकडे गेले. त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "यात पाणी कुठे आहे?"

कुठेच नव्हतं. मी निर्वातात एकटा रेणू ठेवला होता आणि निर्वातात ग्लायसिनचा झ्विटरआयन टिकतच नाही. संगणकाचं उत्तर बरोबर होतं, माझा प्रश्न चुकला होता. पाण्याचा परिणाम धरण्यासाठी भोवती एक सलग परावैद्युत (डायइलेक्ट्रिक) माध्यम आहे असं मानणारी प्रारूपं असतात (पीसीएम, कॉस्मो, एसएमडी ही नावं तुमच्या कानावर येतीलच). ते लावलं की प्रोटॉन नायट्रोजनवर राहतो. मात्र जिथे पाण्याचा एखादा रेणू स्वतः हायड्रोजन बंधाने मधे येऊन बसतो, तिथे तेवढंही पुरत नाही, खरे पाण्याचे रेणू गणितात ठेवावे लागतात. आता या ग्लायसिनशेजारी सोन्याचा क्लस्टर ठेवा. निर्वातातला अमिनो गट मोकळा असतो, त्याच्याकडे इलेक्ट्रॉनची एकाकी जोडी असते, तो सोन्याला नायट्रोजनकडून छान धरतो. पाण्यात सामान्य पीएचला तोच गट प्रोटॉन घेऊन बसलेला असतो, त्याच्याकडे द्यायला जोडीच उरलेली नसते. एकाच रेणूची दोन उत्तरं, आणि प्रयोगशाळेतल्या परीक्षानळीत यातलं एकच लागू.

याच्या पुढची अडचण मला जास्त महत्त्वाची वाटते, आणि ती अनेक प्रकाशित लेखांतही निसटते. लोक सुटी अमिनो आम्लं घेतात आणि निष्कर्ष प्रथिनांबद्दल काढतात. पण प्रथिनात अमिनो आम्लाचा अमिनो गट आणि आम्ल गट दोन्ही पेप्टाइड बंधात, म्हणजे शेजारच्या अमिनो आम्लांशी जोडण्यात, खर्च झालेले असतात. म्हणजे तुमच्या तक्त्यात सोनं ज्या नायट्रोजनला चिकटलंय, तो त्या रूपात प्रथिनात नसतोच. असलाच तर साखळीच्या एका टोकाला. मोकळी राहते ती बाजूची साखळी: सिस्टीनचं गंधक, हिस्टिडिनचं वलय, मेथिओनिन, ट्रिप्टोफॅन. म्हणून अमिनो आम्लाच्या दोन्ही टोकांना टोप्या घालून, एका बाजूला असेटिल आणि दुसऱ्या बाजूला मेथिल अमाइड लावून, गणित करायचं असतं. अणू थोडे वाढतात, पण प्रश्न प्रथिनाचा होतो.

सिस्टीनचं तर आणखी एक आहे. त्याच्या गंधकावर प्रोटॉन आहे की नाही, हे तुम्ही ठरवून टाकता आणि पुढचं सगळं त्यावर अवलंबून राहतं. प्रोटॉन असला तर तो थायोल, सोन्याशी नातं सैल. प्रोटॉन गेला तर थायोलेट, आणि मग सोनं-गंधक बंध सुमारे २.३ ते २.४ अँगस्ट्रॉमचा, चांगला मजबूत. तुमच्या तक्त्यात "सिस्टीन सर्वांत घट्ट बांधतं" असं आलं, तर परीक्षक पहिला प्रश्न विचारतील की तो प्रोटॉन कुठे गेला आणि त्याची ऊर्जा तुम्ही हिशेबात धरली का. व्हायवामध्ये या प्रश्नावर अडखळलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत.

डीएनएचंही तसंच. ॲडेनिन हा बेस एकटा घेतला तर सोन्याचा क्लस्टर त्याच्या पहिल्या, तिसऱ्या किंवा सातव्या क्रमांकाच्या नायट्रोजनवर बसू शकतो, शिवाय शेजारच्या एन-एच गटाचा हायड्रोजन सोन्याकडे झुकून एक वेगळाच हायड्रोजन बंध तयार होतो. सोनं हायड्रोजन बंध स्वीकारतं, हे २००५ च्या सुमारास गणितांतून पुढे आलं तेव्हा त्यावर बरीच चर्चा झाली होती. पण नवव्या नायट्रोजनवर डीएनएत साखर जोडलेली असते. तिथला हायड्रोजन तुम्ही मोकळा सोडलात आणि सोन्याने नेमका तोच धरला, तर ते उत्तर डीएनएला लागू नाही. तिथे निदान एक मेथिल गट तरी बसवा. शिवाय दुपदरी डीएनएत पहिला नायट्रोजन समोरच्या थायमिनशी जोडी जमवण्यात गुंतलेला असतो, सातवा मात्र दोन पदरांमधल्या मोठ्या खाचेत उघडा असतो. एकपदरी डीएनए आणि दुपदरी डीएनए हे सोन्यासाठी दोन वेगळे पदार्थ आहेत. जीवशास्त्र दहावीनंतर सोडलं म्हणून घाबरू नका. अख्खं जीवशास्त्र लागत नाही. लागतं ते एवढं: हा रेणू शरीरात कुणाला जोडलेला असतो, त्याची कोणती बाजू मोकळी असते, आणि त्या पीएचला त्याच्यावर किती प्रोटॉन असतात. दोन-तीन महिने जैवरसायनाचं एक चांगलं पुस्तक पेन्सिल घेऊन वाचलंत की पुरे.

आता धातूची बाजू. ही भौतिकशास्त्राच्या माणसाला जवळची वाटेल.

सोन्याचा कण दहा-वीस नॅनोमीटरचा असला की तो नॅनोकण. त्याच्या द्रावणाचा लाल रंग मायकेल फॅरडे यांनी १८५७ मध्ये अभ्यासला होता. कोव्हिडच्या किंवा गर्भधारणेच्या घरगुती चाचणीपट्टीवर उमटणारी ती गुलाबी-लाल रेषही बहुधा अशाच सोन्याच्या कणांची असते. आकार दोन नॅनोमीटरच्या खाली गेला की धातूपण ओसरतं. ऊर्जापातळ्या सुट्या सुट्या होतात आणि क्लस्टर एखाद्या रेणूसारखा वागू लागतो. इथे एक अणू वाढला किंवा कमी झाला तरी स्वभाव बदलतो.

वीस अणूंचा सोन्याचा क्लस्टर घ्या. २००३ मध्ये लाय-शेंग वांग यांच्या गटाने प्रकाश-इलेक्ट्रॉन वर्णपटातून आणि गणितातून दाखवलं की तो पिरॅमिडसारखा चतुष्फलक आहे. फळवाला संत्र्यांची त्रिकोणी रास रचतो तशी रचना: खाली दहा, त्यावर सहा, मग तीन, वर एक. होमो-ल्युमो अंतर (सर्वांत वरची भरलेली आणि सर्वांत खालची रिकामी पातळी यांतलं अंतर) १.७७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे साठ कार्बन अणूंच्या गोळ्यापेक्षाही जास्त. या राशीत अणूंच्या तीनच जाती आहेत: चार कोपऱ्यांवरचे, बारा कडांवरचे आणि चार पृष्ठांच्या मध्यावरचे. कोपऱ्यातल्या अणूला तीन शेजारी, कडेवरच्याला सहा, पृष्ठावरच्याला नऊ. येणारा रेणू सहसा कोपरा पकडतो, कारण तिथल्या अणूला शेजारी कमी आहेत. कागदावर हे चित्र काढून हातांनी शेजारी मोजा. सॉफ्टवेअर उघडण्याआधी दहा मिनिटं असं मोजलं की पुढचे कित्येक जॉब वाचतात.

पण सगळे क्लस्टर इतके सरळ नसतात. ऋण प्रभार असलेले सोन्याचे क्लस्टर सुमारे बारा अणूंपर्यंत चक्क सपाट असतात. चांदी त्याआधीच फुगून त्रिमित होते. फरकाचं मूळ सापेक्षतावादात आहे. सोन्याच्या अणुकेंद्रात ७९ प्रोटॉन आहेत. आतले इलेक्ट्रॉन इतक्या वेगाने फिरतात की सापेक्षतेचा परिणाम बाहेरच्या सहाव्या एस कक्षेपर्यंत पोचतो, ती आकुंचन पावते आणि पाचव्या डी कक्षेच्या ऊर्जेजवळ येते. सोन्याचा पिवळा रंगही यातूनच. तुमच्या गणितात हे आपोआप येत नाही. त्यासाठी आतल्या ६० इलेक्ट्रॉनांच्या जागी एक प्रभावी विभव घालतात, ज्यात सापेक्षतेचा परिणाम आधीच बसवलेला असतो, आणि प्रत्येक अणूचे १९ इलेक्ट्रॉन प्रत्यक्ष सोडवायला उरतात. हे विभव कुठून आलं, कशावर जुळवलं गेलं, हे प्रबंधात एका परिच्छेदात तरी स्वतःच्या शब्दांत लिहिता आलं पाहिजे. "एलएएनएल२डीझेड वापरला कारण सगळे वापरतात" हे उत्तर चालणार नाही (हे अशाच एका तयार विभवाचं आणि बेसिस सेटचं नाव).

आणि सपाट की त्रिमित, हे तुम्ही कोणतं फंक्शनल (घनता फलन सिद्धांतात इलेक्ट्रॉनांची परस्परक्रिया अंदाजाने धरणारं सूत्र) निवडता त्यावरही ठरतं. पीबीई हे फंक्शनल सपाट रचनेला गरजेपेक्षा जास्त झुकतं माप देतं. ही सीमा टीपीएसएस हे दुसरं फंक्शनल जास्त बरोबर दाखवतं. म्हणून कुठलंही काम सुरू करण्याआधी ज्याचं प्रायोगिक उत्तर माहीत आहे असं एखादं लहान उदाहरण घ्या आणि तुमची पद्धत ते देते का बघा. यात पहिले तीन-चार महिने जातात आणि दाखवायला हातात काही नसतं. तेव्हा अस्वस्थ होऊ नका. मी ज्यांच्या प्रबंधांवर पूर्ण विश्वास ठेवते, त्या सगळ्यांनी हे महिने घालवलेले आहेत.

माझा सर्वांत मोठा तोटा झाला तो एकाच सुरुवातीच्या रचनेवर भरवसा ठेवल्याने. एका लहान क्लस्टरची प्रकाशित रचना घेतली, त्याभोवती डीएनएचे बेस वेगवेगळ्या बाजूंनी ठेवले, सगळं ऑप्टिमाइझ केलं, वारंवारता तपासल्या, एकही काल्पनिक वारंवारता नाही (ती असली तर रचना स्थिर नसते), सगळं नीट. दीड वर्षाने, दुसऱ्याच कामासाठी तोच जोड संगणकावर तापवून आणि थंड करून पाहिला तर बेस जवळ आल्यावर क्लस्टरने स्वतःचा आकारच बदलला आणि ऊर्जा ०.३ इलेक्ट्रॉन-व्होल्टने खाली गेली. खोलीच्या तापमानाला ०.१ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा फरक म्हणजे दोन रचना सापडण्याचं साधारण पन्नासास एक असं प्रमाण, ०.३ म्हणजे माझी आधीची रचना प्रत्यक्षात जवळजवळ अस्तित्वातच नाही. प्रकरण पुन्हा लिहावं लागलं. त्या दिवसापासून मी विद्यार्थ्यांना बेसिन-हॉपिंग, जनुकीय अल्गोरिदम (दोन्ही सर्वांत कमी ऊर्जेची रचना शोधायच्या पद्धती) किंवा निदान रेणवीय गतिकीने, म्हणजे अणूंची हालचाल क्षणाक्षणाने गणितात पुढे नेत, तापवून थंड करणं, यांपैकी काहीतरी केल्याशिवाय "सर्वांत स्थिर रचना" हे शब्द लिहू देत नाही.

क्लस्टर तापमानाला कसा वागतो, हा प्रश्न पुण्यात फार चांगला हाताळला गेला आहे, म्हणून इथे थोडी वाट सोडून सांगते. गॅलियम हा धातू तळहातावर वितळतो, साधारण ३० अंश सेल्सिअसला. कण लहान झाला की वितळणबिंदू उतरतो असं आपण शिकतो. पण २००३ मध्ये मार्टिन जॅरॉल्ड यांच्या गटाला प्रयोगात दिसलं की गॅलियमचे काही छोटे क्लस्टर, ३९ आणि ४० अणूंचे, मूळ धातूच्या वितळणबिंदूच्या पुष्कळ वरही घन राहतात. पुढच्याच वर्षी पुणे विद्यापीठातल्या प्रा. दिलीप कान्हेरे यांच्या गटाने गणिताने त्याचं कारण दिलं: लहान क्लस्टरमध्ये गॅलियमचे बंध सहसंयोजी होतात आणि म्हणून रचना घट्ट राहते. प्रयोगाने कोडं घातलं आणि गणिताने नुसता आकडा न देता कारण सांगितलं. तुमच्या विषयात जैवरेणू आहे, गॅलियम नाही, पण असं काम वाचून ठेवा. पुण्यातच प्रा. श्रीधर गद्रे यांच्या गटाने रेणूंच्या स्थिरविद्युत विभवाच्या नकाशांवर अनेक वर्षं काम केलं. क्लस्टर रेणूच्या कोणत्या बाजूला बसेल याचा पहिला अंदाज घ्यायला असा नकाशा आजही मला सर्वांत आधी आठवतो.

बंधनऊर्जेच्या आकड्याबद्दल तीन गोष्टी पटकन सांगून टाकते. साधी फंक्शनल्स व्हॅन डर वाल्स आकर्षण धरत नाहीत. सोन्यावर आडव्या पडलेल्या वलयासाठी ते फार लागतं, म्हणून ग्रिम यांची दुरुस्ती, जिला डी३ म्हणतात, लावा. दुसरं, दोन रेणू जवळ आले की एक दुसऱ्याची बेसिस फंक्शन्स उसनी वापरतो आणि जोडीची ऊर्जा उगाच खाली दिसते. बॉइज आणि बर्नार्डी यांनी १९७० मध्ये सांगितलेली काउंटरपॉइज दुरुस्ती त्यासाठीच आहे. तिसरं सर्वांत जास्त विसरलं जातं: बंधनऊर्जा म्हणजे मुक्त ऊर्जा नव्हे. दोन मोकळे रेणू एकत्र बांधले गेले की त्यांचं स्वातंत्र्य जातं, आणि वायुस्थितीत खोलीच्या तापमानाला या एन्ट्रॉपीची किंमत प्रतिमोल दहा किलोकॅलरीच्या आसपास पडते. तुमची बंधनऊर्जा आठ किलोकॅलरी आली असेल, तर तो जोड त्या तापमानाला टिकेल असं म्हणता येणार नाही.

आतापर्यंत उघड्या क्लस्टरबद्दल बोलले. प्रयोगशाळेत बाटलीत ठेवता येतात ते बहुधा कवच असलेले क्लस्टर, आणि मला स्वतःला या विषयातलं सर्वांत सुंदर गणित इथे दिसतं. त्याला संगणक लागत नाही. २५ सोन्याचे अणू आणि १८ थायोलेट असा एक प्रसिद्ध क्लस्टर आहे. त्याची स्फटिकरचना २००८ मध्ये कळली. आत १३ अणूंचा विंशतिफलक, त्यावर सहा "स्टेपल", प्रत्येकात दोन सोनं आणि तीन गंधक. तेरा आणि बारा मिळून पंचवीस. सहा त्रिक अठरा. आता इलेक्ट्रॉन मोजा. प्रत्येक सोन्याचा एक, म्हणजे २५. प्रत्येक थायोलेट एकेक अडकवून ठेवतो, १८ गेले, उरले ७. क्लस्टरवर एक ऋण प्रभार आहे, तो मिळवा: ८. आणि आठ हा आकडा १९८४ मध्ये बर्कलीत वॉल्टर नाइट यांच्या गटाला सोडियमच्या क्लस्टरांत दिसलेल्या जादुई आकड्यांपैकी आहे (इतके इलेक्ट्रॉन असले की क्लस्टर विशेष स्थिर असतो): ८, २०, ४०, ५८. मग २००७ मध्ये रॉजर कॉर्नबर्ग यांच्या स्टॅनफर्डमधल्या प्रयोगशाळेने १०२ सोनं आणि ४४ थायोलेट असलेल्या क्लस्टरची रचना दिली होती, ती घ्या. १०२ वजा ४४. अठ्ठावन्न. पहिल्यांदा ही वजाबाकी केली तेव्हा मी वही मिटून बराच वेळ नुसती बसून होते. जैवरेणूंच्या स्फटिकांवर आयुष्य घालवलेल्या प्रयोगशाळेतून आलेला हा क्लस्टर, आणि त्याचा हिशेब सोडियमच्या वाफेशी जुळतो.

हाच २५ चा क्लस्टर ग्लुटाथायोन या तीन अमिनो आम्लांच्या पेप्टाइडचं कवच घालूनही करतात. पूर्ण गणित करायचं ठरवलं तर प्रत्येक ग्लुटाथायोनचे ३६ अणू, अठरा पट ६४८, वर २५ सोनं: ६७३ अणू. त्याऐवजी लोक मेथिल थायोलेट घेतात, ५ अणूंचा. मग एकूण होतात ११५. अणूंच्या संख्येतला फरक सहापटीहून थोडा कमीच, पण नेहमीच्या घनता फलन सिद्धांताचा खर्च अणूसंख्येच्या घनाने वाढतो, म्हणजे ढोबळमानाने दोनशेपट फरक पडतो. एक दिवसाचा जॉब आणि दोनशे दिवसांचा जॉब. म्हणून मेथिल घेणं योग्यच आहे, जोपर्यंत तुमचा प्रश्न गाभ्याच्या इलेक्ट्रॉनांचा आहे. प्रश्न "हा क्लस्टर प्रथिनाला कसा चिकटेल" असा झाला की ग्लुटाथायोनचे आम्ल गट, अमिनो गट, त्यांचे प्रभार, हेच तर सगळं काम करणार. आणि तेच तुम्ही कापून टाकलेलं असतं. तेव्हा गाभा गोठवून भोवतालची शास्त्रीय रेणवीय गतिकी करायची, किंवा मधला भाग क्वांटम आणि बाहेरचा शास्त्रीय अशी विभागणी करायची. प्रत्येक वेळी कात्री कुठे चालवली आणि का, हे लिहा.

प्रयोग करणाऱ्यांशी बोलत राहा, हे मी कळकळीने सांगते. २००९ मध्ये सिंगापूरमधल्या एका गटाने गायीच्या रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनात सोन्याचं मीठ आणि सोडियम हायड्रॉक्साइड घालून ३७ अंशांवर ठेवलं आणि अतिनील दिव्याखाली तांबडं चमकणारं द्रावण मिळवलं. कृती सोपी आहे, अनेक ठिकाणी करतात. त्या प्रथिनात ३५ सिस्टीन आहेत, पण त्यातली ३४ जोडीजोडीने डायसल्फाइडमध्ये (गंधक-गंधक बंधात) बांधलेली, मोकळी एकच. मग सोनं कुठे बसतं? किती गंधकं उघडतात? इतकंच काय, तो प्रकाश क्लस्टरचा की प्रथिनाला बांधल्या गेलेल्या सोन्याच्या आयनांचा, यावरही पुढे वाद झाला. असा प्रश्न कानावर पडला की गणिताला दिशा मिळते. माझ्या एका विद्यार्थिनीने सहा महिने एका अमिनो आम्लावर काम केलं होतं. रसायनशास्त्र विभागातल्या मैत्रिणीबरोबर चहाला बसली असताना तिला कळलं की ते द्रावण पीएच १२ च्या आसपासचं असतं. त्या पीएचला तिने घेतलेला प्रोटॉन रेणूवर असणारच नव्हता. त्याच संध्याकाळी तिने नवीन इनपुट केलं.

व्यवहाराचं थोडं. नेट-जेआरएफ असेल तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि नंतर एसआरएफचे ४२,००० मिळतात, हा दर जानेवारी २०२३ पासूनचा, घरभाडं वेगळं. वेळेवर जमा होईल असं धरून चालू नका, चार महिन्यांचा खर्च बाजूला असू द्या. गाईड निवडताना त्यांच्या लेखांची संख्या विचारण्याऐवजी दोन गोष्टी विचारा: गटाला कोणत्या संगणक-क्लस्टरवर (एकत्र जोडलेल्या संगणकांवर) किती कोअर-तास, म्हणजे प्रोसेसरचा किती वेळ, मिळतो, आणि विद्यार्थ्याची आउटपुट फाइल कोण उघडून बघतं. सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० केला तेव्हापासून पुण्यात ही परंपरा आहे, आज आयसर पुण्यात परम ब्रह्म आहे, इतरही संस्थांत राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनची यंत्रं आहेत. पण तुमच्या गटाचं खातं त्यावर आहे का, हे आधी कळलेलं बरं. त्या गटातून बाहेर पडलेले प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावर मिळतील. निष्कर्ष सोडा, पद्धतीचं प्रकरण वाचा. दोन प्रबंधांत ते शब्दशः सारखं असेल, तर तिथे पद्धतीवर कुणी विचार करत नाही असं समजा.

प्रोग्रॅमिंग बेताचं असेल तर चालेल. लिनक्सवर टर्मिनलमध्ये सहज वावरता आलं पाहिजे, शेल स्क्रिप्टने पन्नास जॉब लावता आले पाहिजेत, आणि पायथनमध्ये आउटपुटमधून ऊर्जा आणि अंतरं काढता आली पाहिजेत. क्वांटम एस्प्रेसो आणि सीपी२के मोफत आहेत, ओर्का शैक्षणिक वापरासाठी मोफत आहे. सुरुवातीला परवान्याच्या सॉफ्टवेअरसाठी थांबायचं कारण नाही. आणि एक वही ठेवा, कागदाची. प्रत्येक जॉब लावण्याआधी त्यात एक ओळ: मला काय विचारायचंय आणि काय उत्तर येईल असं वाटतंय. उत्तर वेगळं आलं की आधी ती ओळ वाचायची, मग इनपुट.

हो म्हणण्याआधी एवढं करून बघा. घरच्या लॅपटॉपवर ओर्का टाका. ग्लायसिनचा झ्विटरआयन काढा, निर्वातात ऑप्टिमाइझ करा, मग पाण्याचं प्रारूप लावून करा. दोन्ही रचना शेजारी शेजारी उघडा आणि तो एक हायड्रोजन कुठे आहे ते बघा. मग त्याच्याजवळ सोन्याचा एकच अणू ठेवा. त्याचा एक इलेक्ट्रॉन एकटा आहे, म्हणून इनपुटमध्ये स्पिन द्विक (डब्लेट, मल्टिप्लिसिटी २) द्यायला विसरू नका. नायट्रोजनकडून एकदा, ऑक्सिजनकडून एकदा, दोन्ही माध्यमांत. चार जॉब होतील. काय दिसलं ते इथेच लिहा, फाइल पाठवलीत तर मी बघेन.